हाताची जागा

नामदेव ड्रायव्हर पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गाडी घेऊन हैदराबादेतून निघाला, तो दिवाळी उलटली तरी परतला नव्हता. धाकट्या भावानं, अंबाजीनं, मन रमवायला त्याच्या इंजिनाची हातभर पितळी प्रतिकृती घडवली होती. ती नवीकोरी दिसू नये म्हणून बॉयलरवर गंजाचा रंग चढवला, चाकांवर राख चोळली. चढायचा दांडा तेवढा लखलखीत ठेवला. ड्रायव्हरचा हात रोज लागतो, तिथं मळ कसा धरेल?

पण उद्या जयवंतावहिनीचं कुंकू पुसायचं, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं, तेव्हा अंबाजीनंही हाय खाल्ली. त्यानं चिंधीनं दांड्यावर तेलकट काजळी फासून टाकली.

सकाळी दांडा चकाकत होता.

"वहिनी, हे तुम्ही पुसलंत?"

"नाही हो भाऊजी. तुमच्या चिजांना मी कशाला हात लावू?" तिनं तळवे पुढं केले. स्वच्छ होते.

"मग कुंकू राहू द्या," तो कसाबसा म्हणाला. "दादा येईल."

ती डोळे टिपत आत वळली. पाठीवरच्या पदरावर काजळीचा रुंद पंजा उमटला होता.