चौथा आचका

विमान वर चढल्यापासून डाव्या इंजिनाने तीनदा आचके दिले होते आणि तिन्ही वेळा ते शांतही झालं होतं. दर वेळी कॅप्टन इंजिनाचा जोर कमी करायचा आणि काटा जागेवर आला की पुन्हा वाढवायचा.

"सर, परत फिरूया," शेजारची सहवैमानिक म्हणाली.

"एवढी टरकतेस तर या धंद्यात आलीस कशाला?"

चौथ्या आचक्याला मात्र तिने त्याला न विचारताच कंट्रोलला कळवलं आणि विमान परत आणावं लागलं.

खाली मेकॅनिकने इंजिन तासभर चालवून पाहिलं, पण ते एकदाही अडखळलं नाही. संध्याकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांबरोबर पाठवायचं ठरलं.

"दोनशे माणसांचा दिवस मातीत घातलास!" कॅप्टन सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसला. "आता तुझी नोकरी कशी टिकते तेच बघतो."

तो तिच्यासमोरच तक्रार लिहायला बसला. 'इंजिनात कसलाही दोष नव्हता,' एवढं लिहून होतंय तोच त्याच्या लेकीचा फोन आला. ती संध्याकाळच्या त्याच विमानाने निघणार होती.



"नको गं बाळा," पाठ फिरवून तो हळूच म्हणाला, "तू उद्या जा."