लाल रेघेपर्यंत

‘चौकी नंबर अकरा’मधल्या हवालदार मालतीवर वेगळी मालिका येतेय, पण ती दुसऱ्या अ‍ॅपवर दिसणार, असं सहदेवने बाकावर बसता बसता सांगितलं आणि महिपतरावांचा चेहरा पडला.

डोंबिवलीच्या त्या बागेत सकाळच्या फेऱ्या झाल्या की निवृत्तांचा मालिकांवर वाद चाले. मालती गेल्यावर मूळ मालिकेत राम उरणार नाही, यावर आज एकमत झालं. सहदेवने फिरकी घेतली. "रिटायर होईस्तोवर बातम्यांशिवाय काही बघितलं नाहीस. आता त्या मालतीवर जीव जडला काय रे तुझा?"

महिपतराव हसले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी सोनलने त्यांच्या मनाविरुद्ध प्रणितशी लग्न केलं आणि ती दिव्याला राहायला गेली. मुलीचा विषय घरात काढायचा नाही, असा नियम त्यांनी घातला. बायकोने पाळला. नातेवाइकांनीही पाळला. पण घरच्या अ‍ॅपवर सोनलचं प्रोफाइल तसंच राहिलं होतं. ती तिकडून ‘चौकी नंबर अकरा’ बघत असे, मालतीसाठीच. महिपतराव रोज ते उघडत. भागाखालची लाल रेघ काल कुठवर सरकली ते पाहत आणि स्वतःच्या प्रोफाइलवर तोच भाग तिथपर्यंत बघून टीव्ही बंद करत. तिच्या पुढे ते कधी गेले नाहीत. रेघ सरकलीय म्हणजे पोरगी बरी आहे, एवढं त्यांना पुरत होतं.

मालती दुसरीकडे गेली की सोनलही तिकडे जाणार. इथली रेघ थांबणार.

दुपारी त्यांनी नवं अ‍ॅप घेतलं, पासवर्ड कागदावर लिहिला आणि चपला घातल्या. कुठे निघालात, असं मंदाकिनीने विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुलीचं नाव घेतलं. मंदाकिनी दारात आडवी उभी राहिली. नका जाऊ, एवढंच म्हणाली. बायकोचा पोरीवरचा राग अजून गेलेला नाही, असं समजून ते तिला बाजूला सारून निघाले.

दिव्यात चार मजले चढून त्यांनी बेल वाजवली. दार प्रणितने उघडलं. महिपतरावांनी कागद पुढे केला. सोनलला द्या, मालतीची मालिका आता याच्यावर दिसेल, म्हणाले.

प्रणित कागदाकडे बघत राहिला. मग त्याने सांगितलं. सोनल ऑगस्टमध्ये गेली. डेंग्यू. चार दिवसांत सगळं संपलं.

"कालच बघितलंय तिने," महिपतराव म्हणाले. "सातवा भाग. अर्ध्यापर्यंत."

"आई बघतात ते, सोनलच्या. तेराव्याला आलेल्या इथे. म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, तिचं मी चालू ठेवते."