टचिंगआधीचा फोटो

"आईचा फोटो उघड आधी," गिलसू म्हणाला.

दानबी सकाळपासून बापाच्या स्टुडिओत नवा संगणक मांडून बसली होती. जुना पार थकला होता. एका लग्नाचे फोटो उघडायचे म्हणजे समोरच्या दुकानात जाऊन कॉफी पिऊन यावं. शेवटी लेकीनेच हट्टाने दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्याच घडणीचा संगणक आणला आणि जुन्यातले सगळे फोटो त्यात उतरवले. गिलसूला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला आज एकच फोटो हवा होता. बायकोचं, सुनिमचं, वर्षश्राद्ध होतं. रात्री नैवेद्याच्या चौरंगामागे तिचा फोटो ठेवायचा, आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये पावसाचं पाणी शिरून नेमका तिच्या कपाळावर डाग पडलेला. नवी प्रत काढायलाच हवी होती.

फोटो उघडला. गिलसूने चष्मा वर सरकवला.

"हा नव्हे गं. भिंतीवरचा उघड."

"हाच आहे, अप्पा."

"काहीतरी बोलू नकोस. मी काढलाय तो, मला कळत नाही?"

पडद्यावर एक बाई स्टुलावर बसली होती. गाल आत गेलेले, डोळ्यांचं पांढरं पिवळसर झालेलं, कॉलर गळ्यापासून सुटलेली. उजवा खांदा कानाकडे ओढलेला. कानाखालचा तीळ मात्र सुनिमचा होता.

दानबीचा आवाज खाली आला. "आई ज्या प्रोग्रॅममध्ये टचिंग करायची ना, तो ह्या मशीनवर चालत नाही. फोटो सगळे आलेत, पण मूळचे. तुम्ही काढलेत तसे. आईने त्यांच्यावर केलेलं काम जुन्यातच राहिलं."

गिलसू खाली बसला. तो बसला ती सुनिमची खुर्ची होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुकानात दोघांची कामं वाटलेली होती. तो फोटो काढायचा, कॅमेऱ्यातलं कार्ड तिच्या टेबलावर टाकायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. मग फोटो बघायचा तो थेट छापून आल्यावर. अर्ध्या गुन्सान गावाच्या सुरकुत्या तिने टचिंग करून पुसल्या होत्या. "तुम्ही नुसते फोटो काढता," ती चिडवायची, "माणसं मी काढते."

हा फोटो गेल्या वर्षीच्या वसंतातला. गल्लीतली म्हातारी मंडळी नटूनथटून आपापला शेवटचा, मेल्यावर मांडायचा फोटो काढून घ्यायला आली होती. धडधाकट असताना काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणतात. सगळे गेल्यावर सुनिम स्वतःच स्टुलावर जाऊन बसली.

"दानबीचे अप्पा, माझाही काढा एक."

"तुला गं काय घाई झालीय? केस काळे आहेत अजून."

"आयुष्य वाढतं ना? मग वाढवा की माझं."

तो हसला होता. त्याला भूक लागली होती, आणि तिचा खांदा काही केल्या सरळ राहीना. खाली घे म्हटलं की घ्यायची, परत वर. शेवटी तो खेकसला होता, "जन्मभर लोकांना बसवलंस आणि तुला धड बसता येत नाही?" ती म्हणाली होती, "घ्या, बसले." आणि त्याने बटण दाबलं होतं.

मग तिने टेबलाशी बसून फोटोतले स्वतःचे गाल भरले. डोळ्यांतलं पिवळं पुसलं. खांदा खाली आणला. तो पलीकडे भात खात होता, आणि दार उघडंच होतं.

थंडी सुरू व्हायच्या आधी ती गेली. यकृत आधीच गेलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिची थोरली बहीण मयताला आली तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली, "एका घरात राहून तुला दिसलं नाही रे?" गिलसूने काळी फीत लावलेल्या, छापून आलेल्या फोटोकडे बोट दाखवलं होतं. "बघा ना ताई, वसंतात कशी टवटवीत होती. अचानक झालं हो सगळं." आणि गिलसूने वर्षभर ह्याच आधारावर दिवस काढले, की दिसण्यासारखं काही नव्हतंच. जन्मभर फोटो काढणारा माणूस, आपल्याच दुकानातल्या टचिंगला फसला.

त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

दानबीने हळूच जुन्या संगणकाची वायर उचलली. "अप्पा, हा परत लावते. आईचं काम आहे अजून त्यात. त्याच्यावरूनच छापू."

"नको."

"अहो, रात्री मावशी येतेय."

"येऊ दे. हाच छाप."

"असा? अप्पा, मावशी बघेल तर..."

"बघू दे. मी कुठे बघितलं होतं?"

दानबीने वायर खाली ठेवली. डोळे पुसून तिने छपाईचा कागद लावला. छपाईचं बटण दाबायच्या आधी तिचा हात थांबला. आईची लेक ती, वाकडं तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

"अप्पा, बाकी काही नाही करत. खांदा तेवढा सरळ करू?"

गिलसूने बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या त्या वर ओढलेल्या खांद्यावर हलकेच टेकवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "दुखतंय तिला."