शिपायाची घंटी

न्यायाधीशांच्या टेबलावर शिपायाला बोलवायची पितळी घंटी होती. पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या आरोपीची नजर तिच्यावरून हलेना. एकेकाळी हा सभापती होता आणि न्यायाधीश वकिलीतून आलेले नवखे आमदार. पुलाला तडे गेलेत, हे सांगायला ते तीनदा उभे राहिले. तीनदा यानं घंटी वाजवली. "वेळ संपली, वकीलसाहेब. खाली बसा." सभागृह खदाखदा हसलं. त्यांनी राजकारण सोडून पुन्हा काळा कोट चढवला, पुढे न्यायाधीश झाले. पूल पडलाच, अकरा माणसं गेली. तडे दडपल्याचा याच्यावरचा खटला त्यांच्याच कोर्टात आला. जुनी ओळख सांगून तो नाकारता आला असता. त्यांनी नाकारला नाही. आज त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" "वेळ मिळेल?" "हवा तेवढा." म्हातारा हुरळला. तासभर बोलला. त्याच्या वकिलानं बाही ओढली तरी थांबेना. "तडे मलाही दिसले होते हो, पण ठेकेदार पडला जावई..." स्टेनोनं तेही टिपलं. न्यायाधीशांनी घंटी वाजवली. "वेळ संपली, सभापतीसाहेब. खाली बसा."