बंद घड्याळांचा कान

बारा वर्षांपूर्वी नाकामागच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलं. कॅन्सर गेला. यंदा डावा कानही गेला. डॉक्टर म्हणाले, त्याचाच उशिराचा परिणाम.

मी घड्याळं दुरुस्त करतो. चालू घड्याळ डाव्या कानाला लावलं तर काहीच ऐकू येत नाही. बंद पडलेलं लावलं की टिकटिक स्वच्छ येते. पहिल्यांदा दचकलो होतो. आता गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच तपासतो. अजून एकदाही चुकलो नाही.

दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली. “अहो, या कानाशी किती ओरडायचं माणसानं?” म्हणाली, आणि गमतीनं माझा डावा कान स्वतःच्या छातीशी धरला.

“आता येतंय का काही ऐकू?”

एकेक ठोका मोजता आला असता, इतका स्पष्ट होता.

“नाही गं,” मी म्हणालो.