गिळलेली जळू

फ्लॉवरमध्ये एक अळी दिसली तरी अख्खा गड्डा फेकणाऱ्या कुमुदिनी लिमयांनी डोळे गच्च मिटून जिवंत, पांढरी जळू गिळली. पोटातल्या कॅन्सरच्या गाठीत ती जितकी खोल शिरेल, तितकी काळी होणार होती. शेपटीपर्यंत काळी झाली, तर जठरच काढायचं ठरलं होतं.

थोड्या वेळानं घशात वळवळ झाली आणि त्या भडाभडा ओकल्या. डॉक्टर सय्यदांनी ती बुळबुळीत जळू चिमट्यानं उचलली.

"टोकाशीच काळी आहे. गाठ वरवरची आहे, जठर वाचलं! महिन्याभरानं तपासणीसाठी पुन्हा जळू गिळायची." मग ते नर्सला म्हणाले, "हिला धुऊन पुढच्या पेशंटला द्या."

"शी! खबरदार!" कुमुदिनीबाई तोंड पुसत किंचाळल्या. "दुसऱ्याच्या पोटातून आलेली मी गिळणार नाही. हीच माझ्या नावानं बाटलीत ठेवा."