अर्धा गुण

यारेत्सी खेळाच्या हॉलमधून बाहेर आली तेव्हा तिची आई ओफेलिया शाळेच्या कॅन्टीनमध्ये नाचोजवर पातळ चीज ओतत होती. पालकांना हॉलमध्ये मज्जाव. संघासाठी खाण्याचा स्टॉल सांभाळायचा आणि दाराकडे डोळे लावून बसायचं, एवढंच त्यांच्या हातात. ओफेलियाला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता. जिंकली की यारेत्सी भूक लागली म्हणून ओरडत यायची, हरली की थेट बाथरूम गाठायची. आज ती नुसतीच स्टॉलपाशी येऊन उभी राहिली.

"काय झालं, मिहा, माझ्या पोरी?"

"बरोबरी."

"हरत होतीस का?"

"नाही, अमा. जिंकत होते. माझा एक हत्ती जास्त होता. तीन चालींत मात होती. समोरच्या पोराने विचारलं, बरोबरी करायची का? मी हो म्हटलं."

"अगं, जिंकत होतीस तर हो कशाला म्हणालीस?"

"कोचनी सांगितलं होतं. फेरीच्या आधी. तो विचारेल तेव्हा लगेच हो म्हण, काही विचार करत बसू नकोस."

ओफेलियाने पळी चीजच्या भांड्यात आपटली. साऱ्या दक्षिण टेक्सासच्या पाचवीतल्या मुलांची ही स्पर्धा. पाच फेऱ्यांतल्या चार यारेत्सीने जिंकल्या होत्या, समोरच्या पोरानेही चार. पाचवी जो जिंकेल तो विजेता, इतका सरळ मामला होता. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार, म्हणजे ही स्पर्धा पुन्हा तिच्या वाट्याला येणार नव्हती.

तेवढ्यात कोच ट्रेविन्यो दोन्ही हात उंचावत आले. अंगात संघाचा हिरवा टीशर्ट, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"पहिले! आपला संघ पहिला!" त्यांनी यारेत्सीची पाठ थोपटली. "शहाणी माझी पोर! अर्धा गुण म्हटलं, अर्धा गुण आणलास!"

भिंतीवर निकालाचे कागद लागले होते. ओफेलिया हात पुसत तिकडे गेली आणि बोट ठेवून वाचू लागली. संघांच्या यादीत त्यांची शाळा पहिली, तीही दोन गुणांनी पुढे. खालच्या कागदावर खेळाडू. पहिला, तिच्याशी बरोबरी केलेला लँडन व्हिटेकर, साडेचार. दुसरी, यारेत्सी कांतू, साडेचार. गुण सारखे, पण आधीच्या फेऱ्यांत त्याला भेटलेली मुलं जास्त तयारीची निघाली, म्हणून वरचा नंबर त्याचा.

ती परत आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"कोच, संघ दोन गुणांनी जिंकलाय. म्हणजे ही हरली असती तरी आपण पहिलेच होतो."

"ते आता कळतंय, सेन्योरा. फेरी सुरू होताना बाकीची मुलं काय दिवे लावतील ते कुणाला ठाऊक? मी आपला जपून खेळलो."

"तुम्ही? तुम्ही कुठे खेळलात? खेळली ती."

कोच जरा ओशाळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गेल्या वर्षीचं विसरलात? असाच जिंकलेला डाव हिने घालवला आणि संघाचा चषक गेला. हळवी आहे हो पोर. तिच्यावर ओझं नको, म्हणून म्हटलं."

ओफेलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओझं म्हणे! अविश्वासच तो, काळजीच्या कागदात गुंडाळून दिला, एवढंच. आणि वर शाबासकी.

"तो डाव ती वर्षभर रोज मांडत होती. माझ्या जेवणाच्या टेबलावर. ताट ठेवायला जागा नसायची. जिंकलेला डाव संपवायचा कसा, हे तुम्हीच शिकवलंत ना तिला? मग संपवायची वेळ आली तेव्हा तोंड का दाबलंत?"

"अमा, पुरे," यारेत्सी म्हणाली.

"पुरे कसं?"

"बरं, बरं," कोच घाईने म्हणाले. "चषक तर मिळाला की नाही? चला, फोटोला सगळे खोळंबलेत. मिहा, तू मधे उभी राहा. चषक तूच धर."

यारेत्सी जागची हलली नाही. मग शेजारच्या टेबलाकडे गेली. तिथे फेऱ्यांच्या मधल्या वेळात खेळायला ठेवलेला एक पट पडून होता. तिने सोंगट्या बाजूला सारल्या आणि बरोबरीत सोडलेला आपला डाव एकेक सोंगटी ठेवत मांडायला घेतला. चाली लिहिलेला कागद बघितला नाही, कुठे अडली नाही.

"बसा, कोच. काळे तुमचे."

"आत्ता? अगं, फोटो..."

"बसा."

हा आवाज ओफेलियाने आजवर ऐकला नव्हता. कोच बसले. बाक लहान मुलांचा, त्यांचे गुडघे टेबलाला टेकले. हिरव्या टीशर्टातली पोरं भोवती जमली.

यारेत्सीने हत्ती उचलून थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला.

"शह."

कोच पटाकडे बघत राहिले. राजाला जायला एकच घर होतं, आणि तिथे गेल्यावर काय होणार तेही त्यांना दिसलं. त्यांनी एकदा पोरांकडे पाहिलं, कसंनुसं हसले आणि पटावरून हात पुढे केला.

"मानलं तुला. चल, बरोबरी?"

यारेत्सीने त्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही," ती म्हणाली. "चाल तुमची आहे."